कतरिनानंतरची मजुरी : एका जाहीरनाम्याचे दोन महिने

८ सप्टेंबर २००५ या एकाच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एक कागद पैशांचा होता. कतरिना वादळाने उद्ध्वस्त केलेल्या किनारपट्टीसाठी ५१.८ अब्ज डॉलर मंजूर झाले. त्याआधीच्या आठवड्यातले १०.५ अब्ज धरले तर आकडा ६२ अब्जांच्या वर गेला. दुसरा कागद होता एक जाहीरनामा. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि फ्लोरिडा या चार राज्यांतल्या वादळग्रस्त भागांत सरकारी बांधकामावरच्या मजुरांना त्या भागातलं प्रचलित वेतन देण्याची सक्ती त्याने उठवली, आणि तीही मुदत न सांगता. पुनर्बांधणीचा पैसा आला, आणि त्यातून मजुराच्या हातात निदान किती पडावं ही अट त्याच दिवशी गेली.

आपत्तीनंतरच्या मजुरीचा प्रश्न जगभर येतो, पण बहुतेक ठिकाणी तो कुठल्या कागदावर उमटत नाही. मुकादम कमी देतो, मजूर घेतो, विषय संपतो. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात मात्र निर्णय उघडपणे झाला, त्याची कारणं लिहून दिली गेली, त्याला विरोध झाला, आणि दोन महिन्यांत तो मागे घ्यावा लागला. म्हणून हे प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखं आहे.

कायद्यात काय होतं

वादळ किनाऱ्यावर आलं २९ ऑगस्टला. बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा वेगवेगळ्या मोजणीनुसार सुमारे १,४०० ते १,८०० च्या पुढे सांगितला जातो. साडेचार लाखांहून जास्त वस्तीचं शहर जवळजवळ रिकामं झालं. या शहरात दर तीन माणसांतली दोन कृष्णवर्णीय होती, आणि ज्यांची घरं सर्वांत खोल पाण्यात गेली त्यांच्यात हातावर पोट असलेल्यांची संख्या मोठी होती.

जो कायदा स्थगित झाला तो १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जेम्स डेव्हिस आणि न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांच्या नावाने तो ओळखला जातो. बेकन यांच्या मतदारसंघात, लाँग आयलंडवर, माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय बांधायचं होतं. अलाबामाच्या एका कंत्राटदाराने सर्वांत कमी रकमेची निविदा भरून काम मिळवलं आणि स्वस्त मजूर तिकडूनच आणले. स्थानिक गवंडी-सुतार बसून राहिले. सरकारने स्वतःच्या पैशाने स्थानिक मजुरी पाडू नये, हा त्यातून निघालेला कायद्याचा गाभा. ते आणलेले मजूर कृष्णवर्णीय होते आणि कायद्याला पाठिंबा देणाऱ्या काहींच्या बोलण्यात वर्णद्वेष उघड होता, हेही इथेच सांगायला हवं. कायद्याचे विरोधक आजही त्यावर बोट ठेवतात, आणि तो इतिहास खराच आहे. पण २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला या कायद्याचं संरक्षण ज्यांना मिळणार होतं ते बहुतांश कृष्णवर्णीय कामगारच होते.

नियम साधा आहे. केंद्र सरकारचं २,००० डॉलरहून मोठं बांधकाम किंवा दुरुस्ती असेल, तर कंत्राटदाराने त्या भागात त्या हुद्द्याला जे वेतन चालतं त्याहून कमी द्यायचं नाही. दर कामगार खातं ठरवतं. न्यू ऑर्लिन्समध्ये साध्या बांधकाम मजुराला हा दर तासाला ९ डॉलरच्या आसपास होता. ही चैन नव्हती. ९ डॉलरने आठवड्याचे ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे एकही खाडा न करता काम केलं तर १८,७२० डॉलर होतात. त्या वर्षी चार माणसांच्या कुटुंबासाठी सरकारी दारिद्र्यरेषा १९,३५० डॉलर होती. म्हणजे जो दर 'परवडत नाही' म्हणून उठवला, तोही कुटुंबाला दारिद्र्यरेषेवर आणत नव्हता. तो गेल्यावर खाली उरलं फक्त देशभराचं किमान वेतन, तासाला ५.१५ डॉलर. १९९७ पासून ते हललं नव्हतं. लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा यांना राज्याचं स्वतःचं किमान वेतनच नव्हतं. त्या दराने वर्षभर राबलं तर १०,७१२ डॉलर.

चर्चा झाली ती सगळी या ९ आणि ५.१५ वर. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. डेव्हिस-बेकन फक्त दर ठरवत नाही. मजुरी आठवड्यातून एकदा तरी दिलीच पाहिजे, असं तो सांगतो. दरपत्रक कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असं लावायला लावतो. आणि मजुरी बुडाली तर मुख्य कंत्राटदाराचं बिल अडवून त्यातून मजुराचे पैसे देण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला देतो, मग मजूर कितव्याही पोटकंत्राटदाराकडचा असो. दर, हप्ता, फलक आणि अडवलेलं बिल या चारही गोष्टी एका सहीने त्या कामांवरून उठल्या. तासाला ९ डॉलर ठरवूनही शनिवारी काहीच हातात न पडलेल्या माणसाला ९ आणि ५.१५ मधल्या फरकाने काय होणार?

सरकारचं म्हणणं

जाहीरनाम्यातली कारणं हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वेतनाच्या सक्तीने मदतकार्याचा खर्च वाढतो, ती उठवली तर त्याच पैशांत जास्त काम होईल आणि हजारो जास्त लोकांना रोजगार मिळेल, असं त्यात म्हटलं होतं. समर्थक आणखी एक मुद्दा मांडत. कायद्याची कागदपत्रं भरणं छोट्या स्थानिक ठेकेदारांना जमत नाही, ती अट काढली तर त्यांनाही काम मिळेल.

तशी प्रथाही होती. राष्ट्रीय आणीबाणीत हा कायदा स्थगित करण्याचा अधिकार अध्यक्षांना कायद्यातच दिलेला आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये काही आठवडे, निक्सन यांनी १९७१ मध्ये महागाईचं कारण देऊन महिनाभर तो बाजूला ठेवला होता. बुश यांच्या वडिलांनी ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर, ऑक्टोबरमध्ये, तेच केलं. क्लिंटन यांनी सत्तेवर आल्यावर मार्च १९९३ मध्ये तो परत लागू केला.

हे म्हणणं तपासायचं तर एकच प्रश्न पुरेसा आहे. मजुरी कमी झाली, तर वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला?

साखळी

पुनर्बांधणीची सुरुवातीची मोठी कामं फार थोड्या हातांत गेली. केंद्रीय आपत्ती यंत्रणा फेमाने चार बड्या कंपन्यांना स्पर्धात्मक निविदा न मागवता, सुरुवातीला प्रत्येकी १० कोटी डॉलरपर्यंतची, कामं दिली. मलबा उचलणं आणि फुटलेल्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या ठोकणं ही कामं लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे होती. त्यानेही ती मोजक्या कंपन्यांना दिली. त्या कंपन्यांनी ती खाली दिली, खालच्यांनी आणखी खाली.

मलब्याच्या एका साखळीचा माग तेव्हा पत्रकारांनी काढला. मुख्य कंत्राटदाराला सरकारकडून दर घनयार्डाला २३ डॉलर मिळत होते. त्याने काम पुढे ९ डॉलरला दिलं. तिथून ते ८ डॉलरला गेलं, मग ७ ला. प्रत्यक्ष ट्रक घेऊन मलबा उचलणाऱ्या माणसाच्या वाट्याला आले ३ डॉलर. आपल्याकडच्या ब्रासच्या हिशोबात सांगायचं तर सरकारने ब्रासला सुमारे ८५ डॉलर मोजले आणि काम करणाऱ्याला ११ मिळाले. त्या ११ मध्ये ट्रकचं डिझेल, ट्रकची झीज आणि हाताखालच्या बिगाऱ्याची मजुरी.

ताडपत्र्यांचं चित्र आणखी वाईट होतं. तेव्हाच्या बातम्यांनुसार मुख्य कंत्राटदाराला दर १०० चौरस फुटांना १७५ डॉलरपर्यंत मिळत, आणि छपरावर चढून ती ठोकणाऱ्याला काही ठिकाणी अवघे २ डॉलर. ताडपत्री तर फेमाच देत होती.

सरकारचा युक्तिवाद इथे मोडतो. सरकारने दर घनयार्डाला ठरवून दिला आहे. खालची मजुरी ९ वरून ६ झाली काय किंवा ५.१५ झाली काय, सरकारचं बिल २३ चंच राहणार. मजुरीतून कापलेला प्रत्येक डॉलर वरच्या पायऱ्यांवर थांबतो, तिजोरीत परत येत नाही, आणि 'त्याच पैशांत जास्त काम' होत नाही. मलबा उचलण्याचं सुटं काम अनेकदा डेव्हिस-बेकनच्या कक्षेत येत नाही, त्याला सेवा-कंत्राटांचा वेगळा कायदा लागतो, ही तांत्रिक बाजू मी विसरलेलो नाही. पण साखळीची रचना बांधकामातही हीच होती. आणि जिथे साखळी पाच पायऱ्यांची असते, तिथे खर्च कमी करायचा तर कात्री कुठे लावायची हे उघड आहे. ती सर्वांत खालच्या पायरीला लागली.

न्यू ऑर्लिन्सजवळच्या बेल चेस इथल्या नौदलाच्या हवाई तळावरचा प्रसंग त्या काळात गाजला. दुरुस्तीच्या कामावर घेतलेले सुमारे ७५ इलेक्ट्रिशियन थोड्याच काळात घरी पाठवले गेले आणि त्यांच्या जागी कमी पैशांत येणारे बाहेरचे लोक आले. काढलेल्यांपैकी कित्येकांची स्वतःची घरं वादळात गेली होती. घर बांधायला पैसा हवा, पैशासाठी काम हवं, आणि काम तर आपल्याच शहरात चाललेलं समोर दिसतं आहे. अशा माणसाला काढून टाकणं ही काटकसर कशी म्हणायची, मला कळत नाही. पुनर्बांधणीचा पैसा त्या शहरातल्या माणसाच्या घरात पोहोचण्याचा सर्वांत सरळ रस्ता मजुरीच होता. सरकारी मदतीच्या अर्जांना महिने लागत होते, मजुरी शनिवारी मिळाली असती.

आले ते कोण

वेतनाच्या अटीबरोबर आणखी काही अटी त्याच आठवड्यांत सैल झाल्या. कामावर घेताना माणसाची ओळखपत्रं आणि काम करण्याचा परवाना तपासायचा असतो. ती कागदपत्रं नसली तरी मालकावर ४५ दिवस कारवाई करणार नाही, असं गृहसुरक्षा खात्याने जाहीर केलं. वादळात लोकांचे कागद वाहून गेले होते, म्हणून या सवलतीला आधार होता. पण वेतनाचा तळ काढलेला, कागद विचारायचे नाहीत आणि काम अफाट, असे तीन दरवाजे एकदम उघडल्यावर जे व्हायचं तेच झालं.

टेक्साससह दक्षिणेतल्या राज्यांमधून, मेक्सिको, होंडुरास आणि इतर देशांचे मजूर हजारोंनी आले. न्यू ऑर्लिन्सच्या ली सर्कलला सकाळी मजुरांचा नाका भरू लागला. पिकअप गाडी थांबायची, चार-सहा जण चढायचे, संध्याकाळी कुठेतरी उतरवले जायचे. ओल्या भिंती फोडणं, बुरशी खरवडणं, कुजलेली फ्रीज बाहेर काढणं ही कामं त्यांची. टुलेन विद्यापीठ आणि बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००६ मध्ये केलेल्या पाहणीनुसार शहरातल्या पुनर्बांधणीच्या मजुरांपैकी सुमारे ४५ टक्के लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, होते आणि एकूण मजुरांपैकी सुमारे चौथा हिस्सा परवान्याशिवाय राहणारा होता. परवाना असलेल्याला सरासरी तासाला १६.५० डॉलर मिळत होते, नसलेल्याला १०.

हे आकडे पाहून कोणी विचारेल की १० डॉलर तर जुन्या प्रचलित दराहून जास्तच आहेत. खरं आहे. वादळानंतर मजुरांची टंचाई होती आणि बाजारात दर चढले होते. पण हा बोललेला दर होता. तो मिळाला का, किती दिवसांचा मिळाला, जादा तासांचा मिळाला का, हे प्रश्न त्याच्या पुढचे. परवाना नसलेल्यांत मजुरी अडकल्याच्या तक्रारी परवाना असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. मजुरी मागितली तर 'इमिग्रेशनला फोन करू का?' ही धमकी तयार. काम करून घेताना ज्या कागदांकडे डोळेझाक झाली, तेच कागद पैसे देताना आठवत.

महापौर रे नेगिन यांनी ऑक्टोबरमध्ये उद्योजकांच्या सभेत, शहर मेक्सिकन मजुरांनी भरून जाणार नाही यासाठी मी काय करू, अशा अर्थाचा प्रश्न केला. या वाक्याने फार नुकसान केलं. बाहेर फेकले गेलेले कृष्णवर्णीय कामगार आणि लुबाडले जाणारे लॅटिनो मजूर हे त्याच आठवड्यांतल्या निर्णयांचे बळी होते. त्यांना एकमेकांसमोर उभं केलं की निर्णय घेणारे बाजूला राहतात. शिवाय स्थानिक मजुराने परत यायचं म्हटलं तर राहायचं कुठे? सरकारी गृहसंकुलं कुलूपबंद होती. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने त्यांतली सुमारे ४,५०० घरं पाडायला मंजुरी दिली.

जाहीरनामा मागे कसा गेला

कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी सुरुवातीला स्थगिती रद्द करण्याचं साधं विधेयक आणलं. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं, त्यामुळे ते चर्चेलाच येणार नव्हतं. मग त्यांनी १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा उघडला. अध्यक्षांनी आणीबाणीचा अधिकार वापरला तर तो संपवण्याचा ठराव संसदेत मांडता येतो, समितीला १५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो आणि त्यानंतर तीन दिवसांत मतदान घ्यावं लागतं, अशी तरतूद त्यात आहे. नेतृत्वाला तो ठराव कपाटात ठेवता येत नाही. २० ऑक्टोबरला मिलर यांनी ठराव मांडला.

आता प्रत्येकाला नाव लावून मत द्यावं लागणार होतं. कामगार संघटना बळकट असलेल्या मतदारसंघांतून निवडून आलेले रिपब्लिकन यात अडकले. ओहायोचे स्टीव्ह लाटुरेट, न्यूयॉर्कचे पीटर किंग यांच्यासारख्यांनी व्हाइट हाउसकडे स्थगिती उठवण्याचा आग्रह आधीच धरला होता. २६ ऑक्टोबरला व्हाइट हाउसचे मुख्याधिकारी अँड्र्यू कार्ड यांनी त्यांना निर्णय कळवला, आणि ८ नोव्हेंबरपासून कायदा पुन्हा लागू झाला. बरोबर दोन महिने. संसदीय आयुधांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा. धुळीत पडलेली एक कार्यपद्धती एका माणसाने वेळेवर शोधली आणि बहुमत विरोधात असताना निर्णय फिरवला.

पण कलम नीट वाचावं लागतं. कायदा परत आला तो ८ नोव्हेंबर किंवा त्यानंतर निविदा उघडलेल्या किंवा वाटाघाटी पूर्ण झालेल्या कामांसाठी. आधीच्या दोन महिन्यांत झालेले करार तसेच राहिले. आपत्तीनंतरच्या दोन महिन्यांत घाईघाईने होणारे करारच सर्वांत मोठे असतात. त्याहूनही मोठी फट कायद्यातच आहे. फेमा राज्यांना आणि नगरपालिकांना जे अनुदान देते त्यातून होणाऱ्या कामांना डेव्हिस-बेकन लागू होत नाही, आणि खासगी घरांच्या दुरुस्तीला तर नाहीच. ली सर्कलवरच्या बहुतेक मजुरांना तो ना ८ सप्टेंबरपूर्वी लागू होता, ना ८ नोव्हेंबरनंतर. त्यांच्यासाठी देशाचा सर्वसाधारण वेतन कायदा होता, आणि तो राबवायला केंद्रीय कामगार खात्याचे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके निरीक्षक. २००७ मध्ये डेनिस कुसिनिच यांच्या संसदीय उपसमितीने न्यू ऑर्लिन्समधल्या या ढिलाईवर खास सुनावणी घेतली.

पोकळी भरली ती वकिलांनी आणि संघटनांनी. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने जादा तासांच्या थकलेल्या पैशांसाठी दावे लावले. २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्स वर्कर्स सेंटर फॉर रेशल जस्टिस ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व करणारे साकेत सोनी मूळचे भारतातले. पुढची गोष्ट त्यांच्याशी आणि आपल्याशी जोडलेली आहे.

मुंबईहून गेलेले वेल्डर

कतरिना आणि त्यामागोमाग आलेल्या रिटा वादळाने मेक्सिकोच्या आखातातले तेलविहिरींचे फलाट मोडले होते. ते दुरुस्त करणाऱ्या सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने २००६ च्या अखेरीपासून भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर नेले. भरती मुंबईतल्या एका एजंटामार्फत झाली. अमेरिकेत कायमचं राहण्याचा परवाना मिळेल, कुटुंबाला नेता येईल, असं सांगून प्रत्येकाकडून १०,००० ते २०,००० डॉलर घेतले गेले. तेव्हाच्या दराने साडेचार ते नऊ लाख रुपये. जमिनी गहाण पडल्या, दागिने गेले. हातात मिळाला तो एच-२-बी हा तात्पुरता व्हिसा. एकाच मालकाला बांधलेला. नोकरी सोडली की देश सोडायचा.

मिसिसिपीतल्या पास्कागुला इथे कंपनीच्या आवारातच छावणी होती. एकेका खोलीत २४ जणांपर्यंत. राहण्या-जेवणाचे म्हणून महिन्याला १,०५० डॉलर मजुरीतून कापले जात. तासाचा दर कागदावर वाईट नव्हता. कर्ज आणि कपात वजा केल्यावर उरायचं काय, हा प्रश्न. फक्त दर पाहणाऱ्या तपासणीत हे प्रकरण सापडलंच नसतं.

मार्च २००८ मध्ये शंभरेक कामगार काम सोडून फाटकाबाहेर आले आणि त्यांनी डोक्यावरची हेल्मेटं खाली टाकली. तिथून न्यू ऑर्लिन्समार्गे वॉशिंग्टनपर्यंत यात्रा काढली. तिला त्यांनी सत्याग्रह म्हटलं. भारतीय राजदूतांना भेटले, नंतर उपोषणाला बसले. खटला चालला सात वर्षं. सामूहिक दावा म्हणून न्यायालयाने तो मान्य केला नाही, म्हणून तुकड्या पडल्या. पहिल्या पाच जणांना फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने सुमारे १.४ कोटी डॉलर भरपाई दिली. कंपनीबरोबर तिचा वकील आणि मुंबईचा एजंट हेही दोषी धरले गेले. त्या जुलैत कंपनी दिवाळखोरीत गेली, २ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीने माफी मागितली.

आपल्या न्यायालयाने काय म्हटलं होतं

बुश यांच्या जाहीरनाम्यातला तर्क भारतात बावीस वर्षं आधीच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. राजस्थानने १९६४ मध्ये कायदा करून दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट दिली होती. किमान वेतन रोज ७ रुपये असताना रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या टोळीचं मोजमाप घ्यायचं, येईल ती रक्कम सगळ्यांत वाटायची, आणि पुष्कळांना त्याहून कमी पडायचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या आजी-आजोबांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

राजस्थानातल्या तिलोनिया गावच्या सामाजिक संस्थेचे संजित रॉय यांनी याचिका केली. राज्याचं म्हणणं होतं की ही मदत आहे, नोकरी नाही. दर कमी ठेवला तर जास्त लोकांना काम देता येईल. न्यायमूर्ती भगवती यांनी १९८३ च्या निकालात ते नाकारलं. दुष्काळाने हतबल झालेल्या माणसाच्या हतबलतेचा फायदा राज्याला घेता येणार नाही, आणि किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठबिगारी, असा त्याचा आशय. तयार झालेला रस्ता लोकांच्या उपयोगाचा आहे आणि तो भिक्षा म्हणून बांधला गेलेला नाही, हा त्यातला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यू ऑर्लिन्सचं छप्परही उपयोगाचं होतं.

अमेरिकेत हा प्रश्न राजकीय डावपेचाने सुटला, भारतात घटनेच्या आधाराने. म्हणजे तत्त्वात आपण पुढे आहोत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य नियोक्त्यावर जबाबदारीही टाकली, की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती त्याने भरावी. पण प्रत्यक्षात? २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणला पूर ओसरल्यावर गाळ काढायला, रस्ते-पूल उभे करायला आलेल्या टोळ्या कोणत्या मुकादमाच्या होत्या, त्यांचा हजेरीपट कोणाकडे होता, हे विचारणारं टेबल कुठल्या तहसील कचेरीत असतं?

कतरिनाच्या कागदांवरून मला नेमक्या तीन अटी उचलाव्याशा वाटतात. आपत्तीच्या कामात दोनहून जास्त पोटकंत्राटं नकोत. दर आणि तक्रारीचा फोन नंबर कामाच्या जागी मजुरांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे मराठीबरोबर हिंदी, बंगाली, कन्नड, तेलुगूतही लावावा. आणि मुख्य कंत्राटदाराच्या प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा सर्वांत खालच्या हजेरीपटावरची मजुरी चुकती झाल्याचं दाखवल्याशिवाय सोडू नये. या अटी पूर आल्यावर घालता येत नाहीत. तेव्हा निविदेला वेळ नसतो आणि जो ठेकेदार जेसीबी घेऊन उभा असतो त्याच्या अटींवर काम सुरू होतं. त्या घालायच्या त्या बांधकाम खात्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या दरकरारात, मृगाआधी, मे महिन्यात, जेव्हा पंप, बोटी आणि ताडपत्र्यांच्या याद्या होतात.